शोबॉक्स खरंच बंद होणार का? (२०२३ मधली चर्चा; त्या वर्षाअखेर शोटाइमने बॉक्सिंग बंद केलं)

रिंगसाइड_एडिसन
मंडळी, शोटाइम हे अमेरिकन टीव्ही चॅनेल बॉक्सिंगमधून अंग काढून घेणार अशी कुजबुज बरेच दिवस चाललीय आणि आता ती जोर धरतेय. एचबीओ चॅनेलने डिसेंबर २०१८ मध्ये बॉक्सिंगचा गाशा गुंडाळला, आता शोटाइम पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंग सेवेत गेलंय तर यांचंही तेच होणार का? मोठ्या पे-पर-व्ह्यू (वेगळे पैसे भरून बघायच्या) फाइट्सची मला चिंता नाही, त्यात पैसा आहे, कुणीतरी उचलेलच. माझा जीव अडकलाय तो शुक्रवार रात्रीच्या शोबॉक्समध्ये, म्हणजे शोटाइमच्या नवख्या बॉक्सरांच्या सीरिजमध्ये. जुलै २००१ पासून चालू आहे, टिमथी ब्रॅडली, आंद्रे वॉर्ड, एरोल स्पेन्स सगळे त्यातून पुढे आले. हे गेलं तर नवीन पोरं आम्हाला दिसणार कुठे? कुणाला आतली गोष्ट माहीत असेल तर सांगा प्लीज.

जॅब_आणि_क्रॉस
आतली गोष्ट माझ्याकडेही नाही, पण नुसतं "दिसणार कुठे" एवढाच प्रश्न नाहीये हा. खरा प्रश्न आहे त्यांना लढवणार कोण समोर. बॉक्सिंगचा धंदा कसा चालतो बघा, प्रमोटरला आपला पोरगा अनडिफीटेड ठेवायचा असतो, म्हणून सुरुवातीच्या पंधरा-वीस फाइट्स हरायलाच आलेल्या माणसांशी लावून रेकॉर्ड फुगवतात, २०-० झालं की मग मोठ्या चेकची वाट बघत बसायचं. शोबॉक्सवाले म्हणायचे टीव्हीवर यायचंय ना, मग तुला हरवू शकेल असा माणूस समोर घे. चॅनेल लायसन्स फी देतं आणि त्यातूनच दोन्ही बॉक्सरची पर्स, म्हणजे फाइटचे पैसे, निघते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते गेलं की छोट्या प्रमोटरला हॉलमधल्या तिकिटांवरच सगळं भागवायचं, म्हणजे ज्या पोराचे नातेवाईक-मित्र जास्त तिकिटं घेतील त्यालाच कार्डवर, म्हणजे त्या रात्रीच्या फाइट्सच्या यादीत, जागा. मग तो आपल्या पोराला कशाला धोक्यात घालेल?

शोबॉक्सवरची जून २०१७ ची रेजिस प्रोग्रे विरुद्ध होएल डियाझ ज्युनियर फाइट आठवतेय का? दोघेही तोवर एकही फाइट हरलेले नव्हते आणि प्रोग्रेने दुसऱ्याच राउंडमध्ये खेळ संपवला. प्रोग्रे डावखुरा माणूस, खांदे सैल सोडून उभा, आणि तो डावा हात कुठून येतोय ते डियाझला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन वर्षांत प्रोग्रे वर्ल्ड चॅम्पियन झाला. ती फाइट झाली नसती तर आपण दोघांचेही फुगवलेले आकडेच वाचत बसलो असतो.

पुणेकर_साउथपॉ
थोडं वेगळं मत आहे, रागावू नका. आता डॅझोन, ईएसपीएन प्लस अशा स्ट्रीमिंग सेवा आहेत, यूट्यूबवर छोटे छोटे प्रमोटर लाइव्ह दाखवतात, मी इथे पुण्यात शनिवारी सकाळी चहा पीत पीत अमेरिकेतली फाइट बघतो, पूर्वी हे कुठे शक्य होतं? टीव्ही गेला म्हणजे सगळं संपलं असं नाही.

जॅब_आणि_क्रॉस
@पुणेकर_साउथपॉ बघायला मिळतंय हे शंभर टक्के मान्य. पण तिथे कार्ड ठरवतो प्रमोटरच, मॅच नीट बराबरीची आहे का हे तपासणारा तिसरा माणूस कुणीच नाही. आणि शोबॉक्सचा कॉमेंटेटर स्टीव्ह फारहूड काय बोलायचा ते ऐकलंय का कधी? नवख्या पोराचा गार्ड सातव्या राउंडला कसा खाली येतो, पोटात बसल्यावर तो मागे कुठल्या पायावर जातो, हे तो शांतपणे समजावून सांगायचा आणि पोरगा जिंकत असला तरी त्याची उणीव लपवायचा नाही. प्रमोटरच्या पगारावरचा कॉमेंटेटर हे बोलेल?

ग्लोव्हज_घातलेली
मुलींच्या बाजूने पण बोला की कुणीतरी. मार्च २०१७ ला डेट्रॉइटमध्ये क्लॅरेसा शील्ड्सची फाइट शोबॉक्सची मेन इव्हेंट होती, अमेरिकेतल्या प्रीमियम चॅनेलवर बाईची फाइट मेन इव्हेंट व्हायची ती पहिलीच वेळ. दोन ऑलिंपिक गोल्ड असलेली बाई आणि तिच्यासाठी दार उघडलं ते या छोट्या सीरिजने, मोठ्या नाही. माझ्या क्लबमधल्या पोरी अजून तिचे व्हिडिओ लावून कॉम्बिनेशन मारतात. हे बंद झालं तर मला खरंच वाईट वाटेल.

रिंगसाइड_एडिसन
@ग्लोव्हज_घातलेली अगदी बरोबर, हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं. @जॅब_आणि_क्रॉस मग आपल्याकडे भारतात प्रो बॉक्सिंग रुजत नाही त्याचं कारणही हेच का?

जॅब_आणि_क्रॉस
बऱ्याच अंशी हो. विजेंदर २०१५ ला प्रो झाला, १२-० पर्यंत गेला आणि मार्च २०२१ ला पणजीत कसिनोच्या जहाजावर रशियाच्या आर्तिश लोपसानने त्याला पाचव्या राउंडमध्ये पाडलं, ज्याच्या स्वतःच्या फाइट्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. विजेंदरच्या दोन फाइट्समध्ये वर्षाहून जास्त गॅप होती, वयही पस्तिशीचं, ते मी धरतोच, त्याच्या कष्टाबद्दल आदरच आहे. पण मधल्या पायरीच्या कठीण फाइट्स दर दोन-तीन महिन्यांनी मिळाल्या असत्या तर? आपल्याकडे आर्मीची पोरं, हरियाणाची पोरं, अॅमॅच्युअरमध्ये भारी असतात आणि प्रो झाली की लढायला माणूसच मिळत नाही. दोन-दोन महिने प्रॅक्टिस करायची आणि आठवडाभर आधी कळतं की कार्डच रद्द.

पुणेकर_साउथपॉ
हे मात्र पटलं. मग शोबॉक्स बंद झालं तर अॅमेझॉन वगैरे कुणी उचलेल का? मोठ्या फाइट्ससोबत ही शुक्रवारचीही घ्या म्हणून कुणी अट घालू शकतं का?

जॅब_आणि_क्रॉस
घालायला हवी, पण यात ग्लॅमर नाही. आठ-दहा राउंडच्या फाइट्स, छोटा कसिनो हॉल, नावं कुणाला माहीत नाहीत. एखादा माणूस आत बसून हट्टाने हे लावून धरणारा लागतो, शोटाइममध्ये शोबॉक्सचा प्रोड्यूसर गॉर्डन हॉलने ते वर्षानुवर्षं केलं. असा माणूस नव्या ठिकाणी असेल तर होईल.