तासाभरात संपला म्हणून गेम वाईट?

माऊसमास्तर
परवा इथे एकाने लिहिलं: ‘पिल्ग्रिम्स तासाभरात संपला. चित्रं गोड, पण हा गेम नाही, ट्रेलर आहे. तो बनवणारी अमानिता कंपनी नावावर पैसे उकळतेय.’ तेव्हापासून डोकं फिरलंय.

अहो, तासाभरात शेवट दिसला, गेम कुठे दिसला? त्यात माणसंही पत्ते, वस्तूही पत्ते. जी वस्तू एकाला दिलीत तीच सैतानाच्या हातात देऊन बघितलीत? जोडी बदलली की अ‍ॅनिमेशन बदलतं, एकच अडचण वेगवेगळ्या वाटांनी सुटते. तुम्ही नाकासमोर चालत गेलात, त्याला अमानिता काय करणार?

शंभरतासवाला
तो मीच. प्रत्येकाला प्रत्येक पत्ता दाखवत फिरणं म्हणजे गेम नव्हे, हजेरी घेणं झालं. याच लोकांचा २००९ चा मशिनेरियम घ्या. बारमधल्या रोबोशी एका रांगेत पाच जुळवायचा डाव आहे, त्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी धाकट्या बहिणीने हरवलं त्याला. पिल्ग्रिम्समध्ये असं अडकायला होतं का कुठे?

रात्रपाळी
अडकण्याचं एवढं कौतुक असेल तर १९९९ चा गॅब्रिएल नाइट ३ खेळा. मांजराचे केस चिकटवून मिशी बनवायची. का, तर एका माणसाचं सोंग घ्यायचंय. आणि त्या माणसाला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवर मार्करने मिशी काढायची. गेम बनवणाऱ्या रॉन गिल्बर्टने १९८९ मध्येच असल्या मनमानी कोड्यांना झोडपलं होतं. ऐकतो कोण?

शंभरतासवाला
त्या मिशीची बाजू कोण घेतंय? दोन मिनिटं सुचलं नाही की वॉकथ्रू, म्हणजे आयती उत्तरं, उघडणाऱ्यांना सगळीच कोडी मनमानी वाटतात.

रात्रपाळी
उघडतो वॉकथ्रू. नोकरी आहे, रात्री अर्धा तास मिळतो, तो भिंतीवर डोकं आपटण्यात का घालवू? तुमच्या लाडक्या मशिनेरियममध्येच उत्तरांचं पुस्तक दिलंय.

माऊसमास्तर
दिलंय, पण ते उघडायला आधी किल्ली उडवत कोळी मारायचा रटाळ खेळ खेळावा लागतो. तो मुद्दामच रटाळ ठेवलाय असं माझं मत. उत्तर हवं ना, मग भोगा.

रात्रपाळी
भोगलं की. शंभरतासवाल्यांना ते भोगावं लागलं नाही, त्यांचं पुस्तक म्हणजे त्यांची बहीण!

शंभरतासवाला
बहिणीला मध्ये आणायचं काम नाही. आणि इतकं बोलताय तर सांगूनच टाकतो, पिल्ग्रिम्स मी परत केला. जिथून घेतला त्या स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा नियम आहे, १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत देता येतो.

माऊसमास्तर
म्हणजे शेवटापर्यंत खेळलास, चित्रं गोड म्हणालास आणि पैसे परत घेतलेस? वर पैसे उकळल्याचा आरोप त्यांच्यावर? लाज वाटत नाही? २०२१ मध्ये एमिका गेम्सच्या माणसाने वैतागून गेम बनवणं थांबवतो म्हणून जाहीर केलं, ते याचसाठी. त्याचा भयगेम दोन तासांच्या आत संपायचा. लोक कौतुक लिहायचे आणि पैसे परत घ्यायचे.

शंभरतासवाला
नियम स्टीमने केला, मी नाही. आणि अरेतुरे नको.

चहाटळ
मधे बोलते, माफ करा. सॅमोरोस्ट हा गेम २००३ चा, अमानिताच्याच याकुब द्वोर्स्कीने प्रागच्या कला-अकादमीत शिकताना पदवीसाठी केलेला. चहा गार व्हायच्या आत संपतो. पांढऱ्या कपड्यातलं ते बुटकं दुर्बिणीतून बघतं, तर एक अख्खा ग्रह आपल्यावर आदळायला निघालेला. तो आणखी दहा तास लांबवला असता तर वाट लागली असती. आता तो फुकट आहे, त्यामुळे परत करायचा प्रश्नच नाही.

शंभरतासवाला
खेळलो. बरा आहे. फुकट गोष्टीच्या लांबीबद्दल मी तक्रार करत नाही, एवढं मोठं मन माझ्याकडे आहे. पिल्ग्रिम्स सवलतीत आला की पुन्हा घेईन. तेव्हाही तासात संपला तर इथेच येऊन लिहीन.

रात्रपाळी
घ्याल तेव्हा बहिणीलाही खेळायला द्या.