पुण्यात लेझीम, लोकनृत्य अगदी पहिल्यापासून कुठे शिकता येईल? (वय वर्षे ४४, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही धायरीतल्या एका सोसायटीतल्या नऊ जणी. सगळ्यात धाकटी ३१ची, सगळ्यात मोठ्या काकू ६३च्या. दिवाळीनंतर झुंबा सुरू केला होता, तो संक्रांतीपर्यंत टिकला. आता ठरवलंय, घाम गाळायचाच तर आपल्या नाचावर गाळू. लेझीम, फुगड्या, कोळीनृत्य, जमलंच तर लावणीची चार पावलं. पण शिकवणारं माणूस काही सापडत नाहीये.

सिंहगड रोडला एका क्लासच्या पाटीवर 'लोकनृत्य' वाचून आम्ही चौघी गेलो होतो. दोन महिन्यांची फी आगाऊ. पहिल्याच दिवशी स्पीकरवर सिनेमातलं कोळीगीत आणि 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट'! आठवड्यात डान्स बसला. त्यानंतर नऊवारी भाड्याने कुठे मिळते ते सांगितलं आणि स्टेजवर यायचं तर वेगळे पैसे. वल्हं मारताना जोर कमरेतून घ्यायचा की गुडघ्यातून, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही फक्त स्माइल द्या." त्यांनाही किती बोल लावायचा? येणाऱ्या बहुतेकांना लग्नाच्या संगीतासाठी एक गाणं बसवून हवं असतं.

माझा जीव खरा लेझीमवर. पुरंदर तालुक्यातल्या आमच्या शाळेत सहावी ते आठवी मी लेझीम केलीय. चार आवाज, आठ आवाज हे लेझीमचे प्रकार तेव्हा झोपेतही जमले असते. मागच्या महिन्यात बहिणीने, ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, एक जुनी लेझीम आणून दिली. निम्म्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या. गच्चीवर जाऊन धरली, साखळी ओढली, छान आवाज आला. पुढच्या आवाजाला वाकले आणि डावा पाय पुढे की उजवा, तेच आठवेना. हाताला सगळं आठवतंय, पाय मात्र कोरे. पंधरा मिनिटांत अंगठ्याच्या बेचक्यात फोड. यूट्यूब लावून पाहिलं तर समोरच्याचं उजवं ते आपलं डावं, आणि वाकलं की मोबाइलच दिसत नाही.

थोडी शोधाशोध केलीय. विद्यापीठातल्या ललित कला केंद्रात नृत्य शिकवतात, पण ते कथक-भरतनाट्यमचं रीतसर पदवी शिक्षण, आमच्यासारख्या नोकरी-डबे सांभाळणाऱ्यांचं ते काम नाही. ढोल-ताशा पथकांचा सराव नदीपात्रात चालतो, पण तो गणपतीआधीचे दीड-दोन महिने, रोज संध्याकाळी, आणि विसर्जनाला लक्ष्मी रोडवर तासन्‌तास उभं राहायचं. काकूंची तयारी आहे, त्यांच्या गुडघ्यांची नाही.

तर कोथरूड ते नऱ्हे या पट्ट्यात, शनिवार-रविवारी, पहिल्यापासून शिकवणारं कुणी माहीत आहे का? सोसायटीत येऊन शिकवलं तर उत्तमच. फोन नंबर इथे न टाकता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रतिसाद १

ताई, मी मंगळागौरीच्या गटात बरीच वर्षं खेळतेय. फुगड्या शिकायच्या तर अशा गटालाच धरा, पण आत्ता नको. श्रावणात आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो. मंगळवार तर भरलेलेच, शिवाय हौसेचे शनिवार-रविवार. गौरी-गणपती झाले की विचारा, तेव्हा सगळ्या निवांत असतात. एखाद्या मंगळागौरीला पाहुणी म्हणून जा आणि खेळ संपले की तिथेच गाठा, फोनपेक्षा ते बरं.

तोवर आपसात झिम्मा आणि साधी फुगडी घोटून ठेवा. फुगडीत पावलं जवळ, हात ताणलेले आणि अंग मागे टाकलेलं. नवख्या बायका घाबरून पुढे येतात आणि तिथेच तोल जातो. काकूंना पिंगा द्या, तवा फुगडी आणि कोंबडा या अवघड खेळांच्या नादी लावू नका.

प्रतिसाद २

मी निवृत्त पीटी शिक्षक. लेझीम शिकवणारा माणूस डान्स क्लासमध्ये शोधताय, तिथेच चुकताय. हा मुळात तालमीतला व्यायाम. शाळांच्या मैदानावर शोधा. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधी बऱ्याच शाळांत लेझीम घुमते, तिथल्या सरांना विचारलंत की आमच्यासारखे घरी बसलेले दोन-चार जण निघतील. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनाला सांगलीची लेझीम झाली होती. त्यानंतर कितीतरी दिवस आमची पोरं मैदानावरून घरी जायला तयार नसायची.

फोड आला कारण तुम्ही दांडा मुठीत आवळून धरता. पकड सैल हवी. चकत्यांना तेल सोडा, बांगड्या उतरवून ठेवा, साखळीत अडकतात. शिकवणारा तुमच्याकडे पाठ करून उभा राहिला पाहिजे, म्हणजे डाव्या-उजव्याचा घोळ होत नाही. आणि कृपा करून स्पीकर नको. हलगीवाला समोरच्यांचे पाय बघून लय चढवतो, स्पीकरला तुमचे गुडघे दिसत नाहीत.

प्रतिसाद ३

लावणीची 'चार पावलं' म्हणालात म्हणून लिहितो. आधी बालगंधर्व रंगमंदिरात एखादा लावणीचा कार्यक्रम बसून बघा, मग सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला जाऊन संगीतबारी, म्हणजे पेटी-ढोलकीच्या साथीवर रंगणारी लावणीची बारी, बघा. बैठकीची लावणी म्हणजे बाई बसल्या जागी एकाच ओळीवर किती तऱ्हांनी अदा करते ते पाहिलंत, की पावलांची घाई आपोआप कमी होईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, भाद्रपदात तुमच्या मागे लागते. चौफुल्याला जायला आठ जणी तयार, नववीच्या सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. सर, तुम्हाला व्यनि केलाय. कालपासून चकत्यांना खोबरेल लावतेय, चार सुटल्या. फक्त एक शंका, रविवारी सकाळी सातला गच्चीवर हलगी वाजली तर आमचे चेअरमन काय करतील? त्यासाठी बहुतेक वेगळा धागा काढावा लागेल.