नारनौलला स्कायडायव्हिंग बघायला कुणी गेलंय का?

ऐरोलीची आई: स्कायडायव्हर शीतल महाजनांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून विमानातून उडी मारली, तेव्हापासून लेकीने ध्यास घेतलाय. आता हरियाणात नारनौलला जायचं म्हणते. मी सोबत गेले तर तिथे काय बघू?

कोपरीकर: पहिली उडी टँडम असते, प्रशिक्षकाला बांधलेली. एकट्याने शिकायचं तर वेगळा कोर्स. अमेरिकन पॅराशूट संघटनेच्या 'ए', म्हणजे पहिल्या लायसन्सला किमान २५ उड्या लागतात.

घणसोली_दादा: ताई, जरूर जा. मी भावासोबत गेलो होतो, उडी न मारता दिवसभर तिथेच होतो. विमानापेक्षा पॅराशूटची घडी घालतात तिथे उभ्या राहा. प्रत्येक दोरी हाताने तपासतात, तेव्हा कुणी गप्पा मारत नाही. पाठीवरच्या पिशवीत दोन पॅराशूट असतात. राखीव पॅराशूट प्रमाणित रिगरच, म्हणजे पॅराशूट भरणारा तज्ज्ञच, भरतो. जमीन जवळ आली तरी वेग कमी झाला नाही, तर एक छोटं यंत्र ते आपोआप उघडतं. हे लेकीला स्वतः विचारू द्या, तिथली माणसं मनापासून सांगतात.

अनुभवी मंडळी उडीआधी जमिनीवरच तालीम करतात, कोण कुणाचा हात कधी धरणार ते. आपल्या ठाण्यातल्या गोविंदा पथकांच्या सरावासारखंच. वारा वाढला की सगळं थांबतं, तासन्‌तास. कुणी कुरकुरत नाही. मला ती माणसं फार आवडली.

ऐरोलीची आई: मग वाऱ्यासाठी एक दिवस जास्तीचा धरते. वजनाची अट असते का?

कोपरीकर: असते. बुकिंगआधीच विचारा.