कठीण काळात देव जवळ होता का? तुमचे अनुभव सांगा

सगळ्यांना सलाम. परवा घरसभेत बायबलमधलं स्तोत्र 23 वाचलं तेव्हापासून डोक्यात घोळतंय, की मृत्युच्छायेची दरी टळेल असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही, दरीतून जाताना तू माझ्याबरोबर आहेस एवढंच आहे. आपल्याकडे साक्ष म्हटली की आजार बरा झाला, नोकरी लागली असंच जास्त ऐकू येतं. तेही जरूर लिहा, पण संकट गेलंच नाही आणि तरी प्रभूला धरून राहिलात असं काही असेल तर ते मला जास्त ऐकायचंय. माझे पप्पा डायलिसिसवर आहेत, म्हणून विचारतेय.

नगरकर
आमची आजी 72 च्या दुष्काळातलं सांगायची. दिवसभर खडी फोडायची, मुलांना सुकडी मिळायची, आणि संध्याकाळी हाताला फोड आलेले असताना सगळ्या बाया चर्चच्या ओट्यावर बसून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणायच्या. पाऊस त्या वर्षी आला नाही तो नाहीच. मी विचारायचो मग देवानं केलं काय, तर म्हणायची, "अरे, एकटं नाही पडू दिलं त्यानं." तेव्हा पटायचं नाही, बायको गेल्यावर पटलं. मंडळीतली माणसं रोज आळीपाळीनं डबा घेऊन यायची आणि मी जेवेपर्यंत हलायची नाहीत.

सिस्टर_मिरज
2021 ची दुसरी लाट, कोविड वॉर्डात नाइट ड्युटी. एक आजी होत्या, नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणून मी फोन त्यांच्या कानाला धरायचे आणि पलीकडून नात बोलायची. एका रात्री ऑक्सिजन खूप खाली गेला तेव्हा त्यांनी मास्कमधूनच खुणेनं हात जोडून दाखवले, मला कळलं प्रार्थना कर म्हणतायत. मी ग्लव्ह्ज घातलेल्या हातानं त्यांचा हात धरला आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला लागले, पीपीई किटमध्ये घामानं चष्म्यावर इतकं धुकं की मला त्यांचा चेहरासुद्धा नीट दिसत नव्हता, पण माझ्या प्रत्येक ओळीला त्या बोट दाबत होत्या, अगदी आमेनपर्यंत. पहाटे गेल्या. मी खूप रडले, आणि तरीही सांगते, त्या कॉटजवळ आम्ही दोघीच नव्हतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी अनुभवलंय.

वसईची वाडी
जुलै 2018 चा पूर. घरात पाणी, लाइट नाही, केळी आडवी झालेली. अंधारात मम्मीनं पलंगावर बसून रोजरी सुरू केली आणि आम्ही सगळे म्हणायला लागलो. नुकसान व्हायचं ते झालंच. पण भीती गेली, खरंच गेली.

अनामिका
मला तर काहीच जाणवलं नाही हो. मुलगी गेली त्यानंतर कितीतरी महिने प्रार्थना केली तरी समोर नुसती भिंत. लोक म्हणायचे देवाची योजना असते, ते ऐकवत नव्हतं, प्लीज कुणाला असं म्हणू नका. मग आमच्या पाळकबाईंनी स्तोत्र 88 वाचायला दिलं. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी उजेड नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे असंही देवाशी बोलता येतं! त्याच काळात पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं. त्यांची एकुलती एक मनोरमा 1921 मध्ये गेली आणि एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या, आणि त्या मधल्या महिन्यांतसुद्धा बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. आतून त्यांना काय वाटत असेल ते मला आईला कळतं. मी अजून रोज स्तोत्र 88 च वाचते, आणि रविवारी चर्चला जाते.

धागाकर्ती
अनामिकाताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. तुमचं लिहिलेलं पप्पांना वाचून दाखवलं, ते म्हणाले त्या ताईंचं नाव माहीत नसलं तरी चालेल, मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करणार. उद्या सकाळी सातला त्यांचं डायलिसिस आहे, जमलं तर तुम्हीही सगळे त्यांची आठवण ठेवा. बाकीच्यांनी लिहीत राहा.