प्रवासखर्च विरुद्ध महागाई: आधी आधारवर्ष बघा

२०२० पासून विमानभाडं ४० टक्के वाढलं, महागाई त्याच्या निम्मीच, म्हणून प्रवास दुपटीने महागला, हे गणित पटत नाही.

२०२० मध्ये कोविडमुळे भाडी कोसळली होती, तेव्हा ते आधारवर्ष धरून, म्हणजे तिथून मोजलं की वाढ फुगलेलीच दिसणार. समजा २०१९ चा भाडे-निर्देशांक (भाड्याची पातळी दाखवणारा आकडा) १००, पुढे घसरून ७५ आणि आता १०५. ७५ पासून वाढ ४० टक्के, १०० पासून फक्त ५! याच काळात ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे महागाई मोजणारा आकडा, १०० वरून १२० झाला असेल, तर १०५ भागिले १.२० म्हणजे ८७.५. इतर गोष्टींच्या मानाने तिकीट साडेबारा टक्के स्वस्तच झालं. इथे ५ मधून २० वजा करून 'उणे १५' म्हणू नका. निर्देशांकाला निर्देशांकानेच भागायचं.

शिवाय तिकीट म्हणजे अख्खा प्रवास नव्हे. खर्चात तिकीट ३० टक्के, मुक्काम ४०, जेवण २०, स्थानिक वाहतूक १० असा वाटा धरा. वाढ अनुक्रमे ५, ३०, २५ आणि २० टक्के असेल तर भारित वाढ (प्रत्येकाच्या वाट्यानुसार काढलेली सरासरी) २०.५ टक्के, म्हणजे जवळपास महागाईइतकीच. खरा बोजा मुक्कामाचा, आणि चर्चा मात्र तिकिटाचीच होते.

स्वतःची बिलं ताडून बघणार असाल तर महिना तोच घ्या आणि बुकिंगही तितकेच दिवस आधीचं. पूर्वी तिकिटातच असलेलं सामान किंवा सीटचं शुल्क आता वेगळं लागत असेल तर तेही भाड्यात मिळवा, नाहीतर वाढ कमी दिसते.