अर्ज, निवेदन, अहवाल: 'करतो/करते' शिवाय मराठी कशी लिहायची?

पोटओळ
तालुक्याच्या ग्रंथालयासाठी सभासद अर्ज, कार्यक्रमांची निवेदने आणि वार्षिक अहवाल नव्याने लिहायचे काम आहे. जुन्या अर्जात 'श्री./सौ./कु.', 'वडिलांचे/पतीचे नाव' आणि शेवटी 'मी जाहीर करतो की' असे छापलेले आहे. सभासदांत पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीही आहेत. मराठीत नुसते सर्वनाम बदलून भागत नाही, क्रियापदच लिंग सांगून टाकते. 'करतो/करते' ही तिरकी रेघ मला पटत नाही, कारण तिच्या दोन बाजूंना दोनच जागा आहेत. वाचताना अडखळणार नाही अशी वाक्ये कशी करायची? आणि नपुंसकलिंग चालेल का?

कर्मणी
तुम्हाला वाटते तितकी मराठी अडवत नाही. आधी कुठे अडते ते पाहा. 'येतो/येते', 'आलो/आले', 'येत होतो/होते' इथे लिंग उघडे पडते. पण 'येत आहे', 'येईन', 'येणार आहे', 'मला वाटते', 'मला यायचे आहे' इथे ते दिसतच नाही. म्हणून 'मी जाहीर करतो की' ऐवजी 'मी याद्वारे जाहीर करत आहे की' लिहा. एवढ्याने घोषणापत्राचा प्रश्न सुटतो.

भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: 'मी अर्ज भरला', 'मी पुस्तक वाचले'. बोलणारे कोण, हे त्यातून कळत नाही. फसगत होते ती बोलणे, शिकणे, विसरणे, भेटणे, जेवणे, म्हणणे यांच्या बाबतीत. ही क्रियापदे कर्त्यालाच धरून राहतात: 'मी शिकलो/शिकले'. तिथे शब्द बदला. 'म्हणालो' ऐवजी 'म्हटले', 'बोललो' ऐवजी 'सांगितले', 'विसरलो' ऐवजी 'लक्षात राहिले नाही'.

समोरच्याला 'तुम्ही' किंवा 'आपण' म्हटले की अडचण उरत नाही. 'तू आलास/आलीस' होते, 'तुम्ही आलात' मात्र सगळ्यांना एकच. 'आम्ही आलो' हेही सगळ्यांचे, त्यामुळे कार्यकारिणीच्या वतीने लिहिताना 'आम्ही' बिनधास्त वापरा.

अहवालासाठी सर्वांत उपयोगी शब्द 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचे'. आदरार्थी विभक्तीत 'ते' आणि 'त्या' एक होतात. 'त्यांनी तीन वर्षे बालविभाग सांभाळला' या वाक्यात शोधूनही लिंग सापडणार नाही.

नपुंसकलिंगी एकवचन प्रौढ व्यक्तीसाठी वापरू नका. 'ते आलं' हे माणसाला वस्तू केल्यासारखे ऐकू येते, आणि पारलिंगी लोकांना हिणवण्यासाठी ते वापरलेही जाते. कुणी स्वतःसाठी ते निवडले असेल तर गोष्ट वेगळी.

चेडू
वरच्या शेवटच्या मुद्द्याला एक पुरवणी. कोकणीत तरुण मुलीसाठी 'तें' हे नपुंसकलिंगी सर्वनाम नेहमीचे आहे, त्यात अपमान नसतो. उलट कोल्हापूरकडे बायकाही 'मी येतो' म्हणतात. म्हणून अर्ज घेताना कुणी 'आलो' म्हटले की 'आले' म्हटले यावरून टेबलावरच्या माणसाने लिंगाचा रकाना भरू नये.

रकाना
अर्जाबद्दल. 'श्री./सौ./कु.' पूर्ण काढा. पुरुषाला आयुष्यभर एकच 'श्री.' आणि बाईच्या नावाआधी मात्र लग्नाची नोंद, हे ग्रंथालयाला कशाला हवे? त्याऐवजी सरसकट 'श्रीमती' करू नका. सरकारी कागदांत ते सर्व स्त्रियांसाठी चालते, पण गावोगावी अजून त्याचा अर्थ विधवा असाच घेतात. नुसते नाव पुरेसे आहे.

'वडिलांचे/पतीचे नाव' हा रकानाही नको. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी राज्याने स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम ठरवला आहे. तुम्ही 'पूर्ण नाव' अशी एकच मोकळी ओळ ठेवा. बालसभासदाच्या अर्जावर 'पालकांची सही', आपत्कालीन संपर्कासाठी 'जवळची व्यक्ती'.

'लिंग' विचारण्याआधी ती माहिती कुठे वापरणार ते ठरवा. कुठेच नसेल तर रकाना गाळा. आकडेवारी द्यावी लागत असेल तर: स्त्री, पुरुष, पारलिंगी/तृतीयपंथी, सांगायचे नाही, आणि स्वतःच्या शब्दांत लिहायला एक ओळ. 'इतर' लिहू नका. पारलिंगी स्त्रीने 'स्त्री' वर खूण केली तर ती तशीच नोंदवा, आधार कार्डाशी ताडू नका. लिंगबदल शस्त्रक्रियेची अट तर घालूच नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदा ठरवला.

एक रकाना मात्र वाढवा: 'वापरातले नाव'. ओळखपत्र, देवघेव नोंदवही आणि हाक या तिन्हींसाठी तेच. कागदोपत्री नाव फक्त अनामतीच्या पावतीवर आणि कार्यालयाच्या फाइलमध्ये. बहुतेक ठिकाणी गळती होते ती देवघेवीच्या टेबलावरून. नोंदवही उघडी पडलेली असते आणि जुने नाव कुणालाही वाचता येते.

पोटओळ
खूप उपयोग झाला. निवेदनाबद्दल विचारतो: पारलिंगी लेखिका पाहुण्या असतील तर त्यांची ओळखही 'त्यांनी', 'त्यांचे' असे म्हणतच करायची का?

कर्मणी
नाही, तिथे ते चुकेल. कोण आहे हे ठाऊक नसते किंवा मजकूर सगळ्यांसाठी असतो, तेव्हा लिंग न दाखवणारी रचना. समोरची व्यक्ती स्वतःला स्त्री म्हणते, तिथे 'त्या आल्या आहेत', 'लेखिका' असे स्पष्ट म्हणा. बाकी पाहुण्यांना 'आल्या', 'म्हणाल्या' आणि एकट्या त्यांनाच 'उपस्थित आहेत', 'यांनी सांगितले' असे केलेत तर ती चुकवाचुकवी सभागृहाला लगेच कळते. निमंत्रणाच्या फोनवरच विचारा, 'ओळख करून देताना कसा उल्लेख करू?' आणि उत्तर संहितेच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण ऐनवेळी निवेदक बदलतात.

रकाना
त्याच संहितेत पदनामेही तपासा. सरपंच, महापौर, न्यायाधीश, डॉक्टर, वकील हे शब्द सर्वांना चालतात, 'महिला सरपंच' म्हणायची गरज नाही. 'डॉक्टरीण', 'पाटलीण' यांत बायको हा अर्थ शिल्लक आहे, ते टाळा. 'लेखिका', 'शिक्षिका' रुळलेले आहेत, पण कुणाला 'लेखक' हवे असेल तर तेच छापा. चहापाण्याच्या समितीत फक्त स्त्रियांची आणि ध्वनिव्यवस्थेत फक्त पुरुषांची नावे आली असतील, तर छपाईला देण्याआधी यादीच नव्याने करा.