मदत हवी आहे: घुबडाचा महाकाय वानर केला, आता घरात भांडण लागलंय

पिंगळेवाली:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा आहे, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या गोष्टीच्या खेळाचा. ज्यांना हा पोरखेळ वाटतो त्यांनी खुशाल पुढे जावं.

आम्ही दर रविवारी ठाण्याला मावशीकडे जमतो. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, डीएम (खेळ चालवणारा). माझं पात्र विझर्ड (जादूगार), धाकट्या बहिणीचं फायटर (योद्धा), दादाच्या एका मित्राचं वॉरलॉक (तोही जादूवाला). तिघंही सातव्या लेव्हलला. पुस्तकं २०१४ ची.

माझं फॅमिलियर, म्हणजे मंत्राने बोलावलेला सोबती प्राणी, घुबड आहे, नाव पिंगळा. त्याला हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) एकच, त्यामुळे लढाईत मी त्याला कधी पुढे करत नाही. आमचा नकाशा म्हणजे चार्टपेपरवर आखलेल्या चौकटी, आणि त्यावर पिंगळा म्हणजे एक चिंचोका.

गेल्या रविवारी गुहेत ट्रोल आला (खरा ट्रोल राक्षस, इथले नव्हेत). बहिणीची अवस्था वाईट होती आणि मला नुकताच पॉलिमॉर्फ (रूप बदलायचा मंत्र) मिळालेला. मी म्हटलं, पिंगळ्याचा जायंट एप करते. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, दादा म्हणाला कर. चिंचोका उचलला आणि त्या जागी मावशीच्या खलबत्त्यातला बत्ता उभा केला, कारण वानर म्हणून शोभेल असं दुसरं काही टेबलावर नव्हतं. पहिल्याच फेरीत दोन ठोसे, दोन्ही लागले, ४७ डॅमेज. सगळे ओरडले, बहीण सोडून. ती म्हणाली, "मी सात लेव्हल घासून इथवर आले आणि तुझं घुबड एका फेरीत माझ्या दुप्पट मारतं?" मग दादालाही शंका आली. सेशन तिथेच थांबवलं. नकाशा गच्चीवरच्या खोलीत तसाच पसरलाय, त्यावर बत्ता उभा आहे, आणि मावशीला तो परत हवाय.

तर जाणकारांनी सांगावं. घुबडाचा जायंट एप मुळात होतो का? फॅमिलियरला हल्ला करता येत नाही, ही अट वानर झाल्यावरही लागू का? वानर मेला तर पिंगळा वाचतो की जातो? आणि वॉरलॉककडे फॅमिलियर म्हणून इम्प (छोटा सैतान) आहे, तो आता "माझ्या इम्पचंही काहीतरी कर" म्हणून मागे लागलाय. रविवारच्या आत उत्तर मिळालं तर बरं. आगाऊ धन्यवाद.

लिंबूटिंबू:

ट्रोलचा विनोद आवडला. बाकी ओ की ठो कळलं नाही. वाचतोय.

जुना_डीएम:

नाही होत.

पॉलिमॉर्फचं वर्णन शेवटपर्यंत वाचा. नवं रूप बीस्टच (प्राणीच) हवं, आणि त्याचा सीआर (लढायला किती भारी, त्याचा आकडा) ज्याच्यावर मंत्र टाकताय त्याच्या सीआरएवढा किंवा त्याहून कमी. खेळाडूंच्या पात्रांना सीआर नसतो, तिथे त्यांची लेव्हल धरायची. घुबडाचा सीआर ०. जायंट एपचा ७. तुम्ही मंत्र टाकणाऱ्याची, म्हणजे स्वतःची लेव्हल मोजलीत. ही चूक भलेभले करतात. मीही केलीय, माझ्या वेळी खेकडा होता.

मग घुबडाचं काय करता येईल? सीआर ० चं काहीही. तरस, गिधाड, हरीण, बोकड, बबून. यातल्या तरस आणि गिधाडाला हिट पॉइंट पाच. म्हणजे चौथ्या पातळीचा तुमचा एकुलता एक स्लॉट (मंत्र टाकायची संधी) जाळून एकाचे पाच करायचे, वर तासभर कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच मंत्रावर धरता येणारं लक्ष) अडकवून ठेवायचं. घाट्याचा सौदा. मला फक्त बबूनमध्ये थोडा दम दिसतो. त्याला हात असतात. पिंगळा झरोक्यातून आत गेला, आत बबून झाला आणि त्याने दाराची कडी काढली, असं एखाद्या सेशनला चालून जाईल. तेही तुम्ही पिंगळ्याच्या डोळ्यांनी बघत असाल तर होणार नाही. मंत्र टाकायला पिंगळा तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी आणि ६० फुटांत दिसला पाहिजे.

वानर मेला तर: वानराचे हिट पॉइंट शून्य झाले की मूळ रूप परत येतं आणि उरलेला मार मूळ रूपाला बसतो. वानराचे पाच उरलेत आणि फटका वीसचा बसला, तर पंधरा पिंगळ्याच्या वाट्याला. त्याच्याकडे आहे एक. तो नाहीसा होतो. पुन्हा बोलवायला दहा सोन्याच्या नाण्यांचे कोळसे, धूप आणि जडीबुटी, आणि एक तास. एवढंच. आमच्या वेळी, ३.५ आवृत्तीत, फॅमिलियर मेलं की मालकाच्या दर लेव्हलमागे २०० एक्सपी (अनुभवाचे गुण) कापले जायचे. सेव्ह (बचावाचा फासा) जमला तर निम्मे. तेव्हा लोक आपल्या मांजरीला पोटच्या पोरासारखं जपायचे.

तिरकस:

जुना_डीएम यांच्याशी सहमत, पण हल्ल्याचा प्रश्न त्यांनी सोयीस्करपणे टाळला. माझ्या मते रूप बदललं की हल्ला करता यावा. पॉलिमॉर्फने सगळी आकडेवारी बदलते, मग जुन्याची अट नव्याला कशी चिकटून राहते?

जुना_डीएम:

टाळला नाही, चहा आला होता.

"फॅमिलियर हल्ला करू शकत नाही" हे वाक्य घुबडाच्या आकडेवारीत शोधा, सापडणार नाही. घुबडाला पंजे आहेत, त्याला हल्ला येतो. अट फाइंड फॅमिलियर या मंत्राची आहे. पॉलिमॉर्फने बदलते ती आकडेवारी, दुसऱ्या मंत्राचं बंधन त्याने सुटत नाही. तसं नसतं तर पिंगळा वानर झाल्याबरोबर मालकिणीचं ऐकेनासा झाला असता. दूरवरून मनात बोलणं, हुकूम पाळणं, हे तुम्ही चालू ठेवणार आणि नको असलेली अटच तेवढी गळाली म्हणणार, हे कसं?

तिरकस:

ठीक. पण "आमचा डीएम चालवून घेतो" हाही नियमच आहे.

जुना_डीएम:

तो सगळ्यात मोठा.

इम्पचा_वकील:

वॉरलॉकवाल्यांना निरोप द्या की इम्पवर पॉलिमॉर्फ चालतच नाही. मंत्रात स्पष्ट लिहिलंय, शेपचेंजरवर (आपणहून रूप बदलणाऱ्यावर) परिणाम नाही, आणि २०१४ च्या पुस्तकात इम्पच्या नावाखालीच शेपचेंजर छापलंय. क्वाझिट या तसल्याच दुसऱ्या फॅमिलियरचंही तेच. तसंही इम्प आपला आपण उंदीर, डोमकावळा किंवा कोळी होतो, त्याला तुमच्या मंत्राची गरज काय? शिवाय तो अदृश्य होतो. एवढं मिळून ज्याचं पोट भरत नाही त्याला नमस्कार.

फॅमिलियर स्प्राइट (परी) किंवा स्यूडोड्रॅगन (छोटा ड्रॅगन) असता तर गोष्ट वेगळी. दोघांचाही सीआर पाव. त्यात लांडगा बसतो, बिबट्या बसतो, आणि जायंट आउल (महाकाय घुबड) सुद्धा बसतं, १९ हिट पॉइंटचं. पॅक्ट ऑफ द चेनचा (खास फॅमिलियर मिळणारा) वॉरलॉक आपला एक हल्ला सोडून फॅमिलियरला रिअॅक्शनने (स्वतःची पाळी नसतानाच्या कृतीने) हल्ला करायला लावू शकतो, म्हणजे वरची भानगडही मिटते. आमच्याकडे स्प्राइटचं जायंट आउल केलं होतं. बसायला मात्र आमच्यातला बुटका हाफलिंगच काय तो मावला.

सातपुडा:

कोणी २०२४ चं पुस्तक वापरत असेल तर: सीआरची अट तशीच आहे. फरक असा, की बीस्टचे हिट पॉइंट आता तात्पुरते हिट पॉइंट म्हणून वर मिळतात, ते संपले की मंत्र संपतो. आणि फॅमिलियर थेट सीआर ० च्या कुठल्याही बीस्टचं घेता येतं, त्यामुळे बबून हवा असेल तर पहिल्यापासूनच बबून बोलवा.

मोठ्या प्रमाणावर रूपं बदलायची असतील तर ड्रूइडचा (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राचा) अॅनिमल शेप्स हा मंत्र. तो लक्ष्याचा सीआर विचारतच नाही. सीआर ४ पर्यंतचं, लार्ज किंवा त्याहून लहान कुठलंही बीस्ट. पिंगळ्याचा गेंडा होईल. फक्त मंत्र आठव्या पातळीचा आहे, म्हणजे ड्रूइड पंधराव्या लेव्हलचा लागेल. तोवर मावशी बत्ता ठेवू देतील का बघा.

आजीची_लाडकी:

घुबड पाळलं म्हणून कोणी अपशकुन म्हणालं नाही का घरी? माझ्याकडे डोमकावळा आहे तर आजी विचारते, पितृपक्षात उपयोग होईल का.

पिंगळेवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. @आजीची_लाडकी, मावशीला चिंचोकाच दिसतो, घुबड तिला सांगितलेलंच नाही.

पण मग माझा पॉलिमॉर्फ वाया गेला म्हणायचा का? आणि पिंगळ्याला लढाईत आणायचं ते कसं?

जुना_डीएम:

वाया कशाने? सरळ हिशेब करा. तुमच्या बहिणीचा फायटर सातव्या लेव्हलचा. जायंट एपचा सीआर ७. वानर तिचा व्हायला हवा होता! तिचे हिट पॉइंट तळाला गेले होते ना? तिच्यावर १५७ चं कवच चढलं असतं. वानर पडला तरी ती स्वतःच्या उरलेल्या हिट पॉइंटवर परत उभी. चिलखत अंगात विरघळतं, एसी (फटका लागणं किती अवघड, तो आकडा) १२ वर येतो, मार भरपूर खावा लागतो, पण १५७ आहेत.

दुसरं, तुमच्या दादाने हे सांगितलं नसेल कारण तो डीएम आहे. ट्रोल नुसत्या ठोशांनी मरत नाही. दर फेरीला त्याचे १० हिट पॉइंट भरून येतात, शून्यावर गेला तरी. आग किंवा अॅसिड लागलं तरच त्याच्या पुढच्या पाळीला ते थांबतं. तेव्हा तुम्ही फायर बोल्ट (आगीचा मंत्र) मारा.

पिंगळ्याचं काम इथे येतं. त्याला हल्ला मना आहे, हेल्प (साथीदाराला मदत करणं) नाही. ट्रोलजवळ उडत जायचं, त्याच्या डोळ्यांपुढे फडफडायचं आणि निघून यायचं. घुबडाला फ्लायबाय असतं, जाताना ट्रोलला फटका मारायची संधी मिळत नाही. त्याच्यानंतर पहिला हल्ला करेल त्याला अॅडव्हान्टेज, म्हणजे विसाचे दोन फासे. अगदी मारायचंच असेल तर २०१७ च्या पुरवणी पुस्तकातला ड्रॅगन्स ब्रेथ पिंगळ्यावर टाका. आग ओकणं हा हल्ला धरला जात नाही, कारण समोरचा सेव्ह करतो. पण त्यालाही कॉन्सन्ट्रेशन लागतं. वानर आणि आग ओकणारं घुबड, दोन्ही एका वेळी नाही.

पिंगळेवाली:

रविवार, रात्री पावणेबारा. कळवायला आले.

दादाने धागा वाचला, ४७ डॅमेज पुसलं आणि वेळ मागे घेतली. बहिणीला विचारलं, वानर होतेस का. आधी म्हणाली, "घुबडाचं उष्टं नको." मग १५७ चा आकडा बघितला आणि हो म्हणाली. बत्ता दोन चौकटी डावीकडे सरकला. चिंचोका परत आला.

पिंगळा गेला, फडफडला, परतला. माझ्या फायर बोल्टला पहिला फासा २ आणि दुसरा १७. ट्रोलला आग लागली. मग बहिणीचे दोन ठोसे, आणि पुढच्या फेरीत आणखी एक बोल्ट आणि आणखी दोन. ट्रोल उठला नाही.

जायंट एपची बुद्धी ७ असते. बहिणीच्या फायटरची मुळात ८ आहे. दादाने तिला बजावलं, वानर आहेस, जरा वेड्यासारखी खेळ. ती म्हणाली, मी रोज खेळते तशीच खेळतेय.

वॉरलॉकला इम्पचं सांगितलं. तो रुसलाय. बत्ता धुऊन मावशीला दिला.